एका कथामालेचे दोन शेवट

कथामालेचें शेवटचें पुस्तक हातांत घेतांना वाचकाच्या मनाची जी अवस्था होते, ती इतर कोणतेंही पुस्तक उघडतांना होत नाहीं. नव्या पुस्तकाशीं आपला कांहीं करार झालेला नसतो. तें आवडलें नाहीं तर मिटून ठेवतां येतें. परंतु ज्या माणसांच्या सहवासांत पांचसहा पुस्तकें घालविलीं, ज्यांचे रुसवेफुगवे, आजार आणि परीक्षा आपण घरच्या माणसांच्या मानून सोसल्या, त्यांचा निरोप घेतांना वाचक सावकारासारखा दारांत उभा असतो. नायिकेचें लग्न त्याच तरुणाशीं झालें काय, भांडलेल्या मैत्रिणी पुन्हां बोलूं लागल्या काय, घरची म्हातारी स्वयंपाकीण अजून हयात आहे काय, हा सारा हिशेब त्याला चुकता करून हवा असतो. तरुण मुलींसाठीं लिहिलेल्या प्रणयकथांच्या मालांत तर ही वसुली विशेष कडक असते; कारण तेथें पहिल्याच पुस्तकांत लेखिकेनें एक अलिखित वचन दिलेलें असतें आणि शेवटच्या पुस्तकांत तें फेडावयाचें असतें.

आतां हें वचन दिलें तेव्हां जगांत शांतता असली आणि तें फेडण्याची वेळ येईतों जग पेटलेलें असलें, तर काय होतें? हा प्रश्न काल्पनिक नाहीं. कॅनडांतील लेखिका ल्यूसी मॉड मॉण्टगोमेरी हिच्या सुप्रसिद्ध ‘अ‍ॅन’मालेवर असा प्रसंग प्रत्यक्ष आला. त्या मालेचें शेवटचें म्हणून तिनें लिहिलेलें पुस्तक, ‘रिला ऑफ इंगलसाइड’, १९२१ सालीं निघालें. आधींचीं पुस्तकें क्रमानें संपवून तें आम्हीं नुकतेंच पुन्हां वाचून काढलें, आणि त्यापाठोपाठ त्याच लेखिकेचें, २००९ सालीं प्रथमच संपूर्ण छापलें गेलेलें, आणखी एक पुस्तक वाचलें. एकाच मालेस अशा रीतीनें दोन शेवट लाभले आहेत, आणि ते एकमेकांशीं भांडतात. त्या भांडणाचा इतिहास सांगावा व त्यांत कोणाची बाजू घ्यावी याचा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

मॉण्टगोमेरीचा जन्म १८७४ सालीं कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या प्रिन्स एडवर्ड बेटावर झाला. ती दोन वर्षांचीही झाली नव्हती तोंच आई वारली, आणि कॅव्हेंडिश या गांवीं आजीआजोबांच्या करड्या शिस्तींत तिचें बालपण गेलें. अनाथ मुलीच्या मनांतील एकटेपणा कसा असतो हें तिला पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं. ‘अ‍ॅन ऑफ ग्रीन गेबल्स’ ही तिची कादंबरी कांहीं प्रकाशकांनीं साभार परत केली होती. अखेर बोस्टन येथील एल्. सी. पेज या प्रकाशकानें ती १९०८ सालीं छापली. एका शेतकरी भावंडांच्या जोडीनें शेतकामास मुलगा हवा म्हणून अनाथालयास कळविलें आणि चुकीनें तांबड्या केसांची एक बडबडी मुलगी घरीं आली, एवढेंच तिचें कथासूत्र. परंतु पुस्तक हातोहात खपलें, आणि लगेच पुढच्या भागाची मागणी सुरू झाली. १९०९ सालीं दुसरा भाग निघाला. तेव्हांपासून ही मानसकन्या लेखिकेच्या मानगुटीस बसली ती कायमची. अ‍ॅनच्या पाशांतून आपली सुटका व्हावी असें तिनें पुढें आपल्या रोजनिशींत वारंवार लिहून ठेविलें. आणि प्रत्येक वेळीं प्रकाशक, वाचक व संसाराचा खर्च या तिघांनीं मिळून तिला पुन्हां त्याच टेबलाशीं बसविलें.

मालेंतील प्रणयाचा धागा अगदीं साधा आहे. गिल्बर्ट ब्लाइथ नांवाचा वर्गबंधु अ‍ॅनच्या तांबड्या केसांवरून तिला चिडवितो. ती पाटी त्याच्या डोक्यांत घालून ती फोडते, आणि मग वर्षानुवर्षें त्याच्याशीं अबोला धरते. पहिल्या पुस्तकाच्या अखेरीस अबोला सुटतो. तिसऱ्या पुस्तकांत ती त्याचें प्रेम नाकारते, दुसऱ्याच एका देखण्या तरुणाच्या मोहांत पडते, आणि गिल्बर्ट विषमज्वरानें अत्यवस्थ झाला हें कळल्यावर आपलें खरें मन तिला कळतें. चौथ्यांत लग्न होतें. वाचकांस दिलेलें वचन इतक्यांत फिटलें होतें. पण येथें सालें पाहण्याजोगीं आहेत. वचन फिटलें तें तिसरें पुस्तक १९१५ सालीं निघालें आणि लग्नाचें पुस्तक १९१७ सालीं. म्हणजे इकडे छापखान्यांत अ‍ॅनच्या सफरचंदाच्या बागा फुलत होत्या, आणि तिकडे फ्रान्स व फ्लँडर्स येथील खंदकांत त्या बागांतूनच गेलेलीं मुलें मरत होतीं.

त्या युद्धाची झळ कॅनडास किती लागली हें आंकड्यांवरून समजेल. सारी लोकवस्ती ८० लक्षांच्या आंत. तींतून ६ लक्षांहून अधिक लोक सैन्यांत दाखल झाले आणि ६० हजारांहून अधिक मेले. मॉण्टगोमेरी या वेळीं आपल्या बेटावर राहत नव्हती. १९११ सालीं एका प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशकाशीं तिचा विवाह झाला होता, आणि ऑन्टॅरिओ प्रांतांतील लीस्कडेल या खेड्यांत ती धर्मोपदेशकाची पत्नी म्हणून नांदत होती. खेड्यांत तार आली कीं ती ज्या घरची असेल तेथें सांत्वनास जाणें हें अशा पत्नीचें कर्तव्यच. ऑगस्ट १९१४ मध्यें, युद्ध पुकारल्यानंतर थोड्याच दिवसांत, तिचा दुसरा मुलगा मृतच जन्मला. ‘अ‍ॅन्स हाउस ऑफ ड्रीम्स’ या १९१७ च्या पुस्तकांत अ‍ॅनचें पहिलें अपत्य जन्मतांच मरतें, तें दुःख कोठून आलें हें निराळें सांगावयास नको. पुढें १९१९ च्या जानेवारीच्या २५ तारखेस तिची जिवलग मैत्रीण व मावसबहीण फ्रेडरिका इन्फ्ल्यूएंझाच्या साथींत वारली. आणि त्याच वर्षीं तिच्या पतीच्या मनाचा तोल जाऊं लागला. अशा त्या १९१९ सालीं तिनें ‘रिला’ लिहावयास घेतलें. पुस्तक अर्पण केलें आहे तें फ्रेडरिकेच्या स्मृतीस.

त्यापूर्वीं १९१९ मध्येंच निघालेली ‘रेनबो व्हॅली’ ही कादंबरी तिनें युद्धांत पडलेल्या तीन तरुणांस अर्पण केली होती. ती कथा अ‍ॅनच्या लहान मुलांच्या खेळांची. परंतु तिच्या शेवटच्या पानांत वॉल्टर नांवाचा स्वप्नाळू मुलगा आपल्या सवंगड्यांस एका बांसरीवाल्याचें चित्र रंगवून सांगतो. हा बांसरीवाला एके दिवशीं येईल, आणि त्याच्या सुरामागून आपणां सर्वांस जावें लागेल. वाचणाऱ्यास ठाऊक असतें, मुलांस नसतें. बालकथेच्या शेवटास अशी सावली पाडणें हें त्या लेखिकेसही पूर्वीं सुचलें नसतें.

‘रिला’मध्यें या मालेंत प्रथमच एक गोष्ट घडते, आणि आमच्या मतें तीच सर्वांत महत्त्वाची आहे. ती म्हणजे कथेंत पंचांग शिरतें. पहिल्या पुस्तकांत ऋतु आहेत, पण साल नाहीं. प्रणयकथेस साल लागत नाहीं. वसंत आला, शरद गेला, मुलगी मोठी झाली, एवढें तिला पुरतें. परंतु १९१४ चा ऑगस्ट कथेंत आणला कीं सगळी माला त्या एका खिळ्यास टांगली जाते. रिला त्या वेळीं पंधरा वर्षांची होऊं घातलेली. म्हणजे तिच्या आईचें लग्न अमुक सालीं, म्हणजे ती आई अनाथ म्हणून स्टेशनवर पेटीवर बसली होती तें तमुक सालीं, असा उलटा हिशेब करावा लागतो. कालाच्या पलीकडे वाटणारी ती बाग एकदम इतिहासांत येऊन पडते. राष्ट्रांच्या बाबतींत युद्ध जें करतें, तेंच त्यानें या कथामालेच्या बाबतींत केलें.

रिला ही अ‍ॅनची सर्वांत धाकटी मुलगी. दिसावयास सुंदर, थोडी गर्विष्ठ, अभ्यासाचा कंटाळा, आणि पंधरा ते एकोणीस हीं वर्षें आयुष्यांतील सर्वांत रम्य जाणार अशी तिची खात्री. दीपगृहांतील नाचाचा तिच्या आयुष्यांतला पहिलाच समारंभ चालू असतो. ज्या तरुणावर तिचें मन जडलें आहे तो केनेथ फोर्ड तिच्याशीं गोड बोलत असतो. आणि त्याच रात्रीं इंग्लंडनें जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारल्याची बातमी येते. कॅनडा साम्राज्यांत, तेव्हां तोही युद्धांत. पुढचीं चार वर्षें ही रम्य वर्षें म्हणून जीं तिनें हिशेबांत धरलीं होतीं तींच. वडील भाऊ जेम ताबडतोब भरती होतो. रिला मुलींचें रेडक्रॉस मंडळ काढते. बाप लढाईवर व आई नुकतीच मेलेली असें एक अर्भक सूपाच्या मोठ्या भांड्यांत घालून ती घरीं आणते, आणि मुलांची मनापासून नावड असतांही त्याला वाढविते. जेमचा कुत्रा तर धनी ज्या स्टेशनावरून गेला तेथून हालतच नाहीं. येणारी प्रत्येक गाडी तो पाहतो, आणि असें चार वर्षांहून अधिक काळ चालतें.

या पुस्तकांतील प्रणय किती थोडक्यांत उरकला आहे हें पाहिलें म्हणजे नवल वाटतें. केनेथ युद्धावर जाण्यापूर्वीं निरोप घेण्यास एका संध्याकाळीं येतो. एकांत मिळावा, चांदणें असावें, ही तरुण वाचिकेची अपेक्षा. पण नेमकें त्याच वेळीं तें अर्भक रडूं लागतें, रिलास तें मांडीवर घेऊन बसावें लागतें, आणि घरची जुनी सेविका सूझन बेकर मोठ्या आदरातिथ्यानें येऊन त्या दोघांत ठाण मांडते व रिलाच्या लहानपणच्या खोड्यांच्या गोष्टी सांगत सुटते. शेवटीं निघतांना तो तिच्याकडून एवढेंच वचन घेतो, कीं आपण परत येईपर्यंत दुसऱ्या कोणास तिनें चुंबन घेऊं देऊं नये. हें वाग्दान समजावें कीं नाहीं हा प्रश्न तिला आईस जाऊन विचारावा लागतो! प्रसंग विनोदी आहे, पण त्यांत खोटें कांहींच नाहीं. ज्या घरांतून मुलें लढाईस गेलीं त्यांतील कित्येकांचे निरोप असेच, कोणाच्या तरी अडथळ्यांत, अर्धवट शब्दांत झाले असतील. युद्धानें प्रणयाला एकांतही ठेविला नाहीं.

इतिहासाच्या अभ्यासकास हें पुस्तक मोलाचें वाटतें तें याच कारणानें. युद्धाचा इतिहास सेनापति व खंदक यांच्या बाजूनें पुष्कळ लिहिला गेला. मागें राहिलेल्या घराच्या बाजूनें, आणि तोही आठवणी ताज्या असतांना, एका बाईनें लिहिलेला असा वृत्तान्त फार थोडा आहे. मॉण्टगोमेरीनें युद्धकाळांत आपल्या रोजनिशींत वर्तमानपत्रांतील बातम्या व त्यांचे मनावरील पडसाद दिवसेंदिवस टिपून ठेविले होते. त्यांतूनच ही कादंबरी उभी राहिली. परमुलखांतील शहरांचीं अवघड नांवें सूझन आपल्या परीनें उच्चारते, नकाशा पाहते, सेनापतींच्या डावपेंचांवर चुलीजवळून टीका करते. सरकारनें उन्हाळ्यांत घड्याळें तासभर पुढें करण्याचा कायदा केला तेव्हां ती आपलें घड्याळ ईश्वरी वेळेवरच ठेवते. १९१७ च्या डिसेंबरांतील निवडणूक, सक्तीच्या सैन्यभरतीचा वाद, सैनिकांच्या आया, पत्नी व बहिणी यांना त्या वर्षीं प्रथम मिळालेला मत देण्याचा हक्क, हें सर्व घरांत, जेवणाच्या टेबलावर येतें. जें पुस्तक मुलींच्या करमणुकीचें म्हणून विकलें गेलें, त्यांत एका राष्ट्राच्या स्वयंपाकघराचें दप्तर सांपडतें.

पण दप्तर म्हटलें म्हणजे त्यांत त्या काळचे दोषही यावयाचेच. जर्मन लोकांविषयींचा द्वेष या पुस्तकांत उघडपणें बोलला जातो. युद्धास विरोध करणारें असें गांवांत एकच ठळक पात्र आहे, आणि त्याला लेखिकेनें कृपण, दांभिक व हास्यास्पद करून ठेविलें आहे. प्रार्थनामंदिरांत त्यानें शांततेसाठीं केलेल्या प्रार्थनेचा शेवट गळपट्टी धरून झोडपण्यांत होतो, आणि लेखिकेस त्यांत गैर कांहींच वाटत नाहीं. विरोधक भला माणूस असूं शकतो, ही शक्यता तिनें विचारांतच घेतली नाहीं. पुढील काळांत निघालेल्या कांहीं आवृत्त्यांतून असा मजकूर गुपचुप गाळला गेला, आणि मूळ संपूर्ण पाठ २०१० सालीं पुन्हां छापला गेला. तो गाळणें आम्हांस पसंत नाहीं. सभ्य माणसें, प्रेमळ माणसें, मुलांना गोष्टी सांगणारीं माणसें युद्धकाळांत कशी बोलतात हें ज्यास जाणून घ्यावयाचें आहे, त्याला तीं पानें हवींच. द्वेष हा केवळ दुष्टांच्या घरीं राहतो अशी समजूत घेऊन मोठ्या होणाऱ्या मुलीस तिच्या स्वतःच्या घरांतला द्वेष ओळखतां येणार नाहीं.

आतां वॉल्टरकडे वळूं. या पुस्तकाचा खरा नायक केनेथ नव्हे, वॉल्टर आहे. तो कवि आहे. कुरूपता, वेदना, किंकाळी यांची त्याला भीति वाटते, आणि भीति वाटते म्हणून लाजही वाटते. कॉलेजांत त्याला कोणी तरी भ्याडपणाचें चिन्ह म्हणून पांढरें पीस पाठविते. अखेर लुसिटानिया बोट बुडविली गेल्यानंतर, १९१५ सालीं, तो भरती होतो. खंदकांतून तो ‘बांसरीवाला’ या नांवाची कविता पाठवितो, आणि ती सर्व जगभर प्रसिद्ध होते. वाचकांस येथें जॉन मॅक्रे या कॅनडाच्या वैद्य-कवीच्या १९१५ सालच्या फ्लँडर्सवरील कवितेची आठवण झाल्याशिवाय राहत नाहीं. मग सप्टेंबर १९१६ मध्यें कूर्सलेट येथें वॉल्टर पडतो. कूर्सलेटची लढाई ऐतिहासिक आहे. १५ सप्टेंबर रोजीं कॅनडाच्या सैन्यानें तें गांव घेतलें, आणि रणगाडे प्रथम युद्धांत उतरले ते त्याच दिवशीं. स्टेशनावरील कुत्रा त्या रात्रीं विव्हळत राहतो, आणि तार येते ती मागाहून.

मरणाच्या आदल्या रात्रीं लिहिलेलें वॉल्टरचें पत्र रिलास मिळतें. त्यांत तो तिला विश्वासानें सांगतो, कीं आपलें मरण व्यर्थ नाहीं. आपण पुढच्या पिढ्यांसाठीं लढत आहों. आणि येथें पुस्तकांतील सर्वांत हृदयद्रावक प्रणय दिसतो. यूना मेरेडिथ ही शेजारची अबोल मुलगी वॉल्टरवर मनोमन प्रेम करीत होती. तें तिनें कधीं बोलून दाखविलें नाहीं. त्याला ठाऊक होतें कीं नाहीं हेंही स्पष्ट होत नाहीं. रिला तें पत्र तिला वाचावयास देते आणि मग तिच्याजवळच ठेवूं देते. यूनाच्या वांट्यास संसार नाहीं, वाग्दान नाहीं, उघड शोकही नाहीं. एक पत्र, आणि तेंही दुसऱ्याच्या नांवाचें. प्रणयकथेच्या मालेंत सर्वांचीं लग्नें लागतात असा जो नियम, तो येथें मोडला आहे. युद्धानंतर युरोप व अमेरिकेंत लक्षावधि स्त्रियांच्या वांट्यास जें आलें, त्यास या एका मुलीच्या रूपानें कथेंत जागा मिळाली.

ही गोष्ट सातासमुद्रांपलीकडची म्हणून आम्हीं अलिप्तपणें वाचूं लागलों, परंतु मध्येंच थांबावें लागलें. तें युद्ध आमच्याही उंबऱ्यावरून गेलें होतें. कूर्सलेटच्या अगोदर पांच महिने, २९ एप्रिल १९१६ रोजीं, मेसोपोटेमियांत कुट-अल्-अमारा येथें जी सेना उपासमारीनें शरण गेली तिचें नांवच सहावी पुणें डिव्हिजन होतें. तींत १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या, आणि कैदेंत गेलेल्यांपैकीं पुष्कळ जण परत आलेच नाहींत. सातारा, रत्नागिरीकडील खेड्यांतूनही कोणी तरी स्टेशनापर्यंत किंवा बंदरापर्यंत पोंचवावयास गेलें असेल, कोणी यूनासारखी अबोल राहिली असेल. त्यांचें नांव पलटणीच्या दप्तरांत नाहीं, कारण दप्तरांत जाणाऱ्याचें नांव असतें, वाट पाहणारीचें नसतें. ‘रिला’सारख्या पुस्तकाची किंमत कळते ती अशी, त्याच्या अभावाच्या जागीं उभें राहून.

युद्ध संपतें. हरवलेला जेम परत येतो. कुत्र्याची वाट पाहणें सार्थकीं लागतें. शेवटच्या पानावर केनेथ दारांत उभा राहतो, आणि बालपणीं रिला जी बोबडी बोलत असे ती बोबडी, भावनेच्या भरांत, एका शब्दाच्या उत्तरांत परत येते. वाचकांस दिलेलें वचन फिटलें. तथापि पुस्तक मिटल्यावर जें मनांत राहतें तें त्या होकाराचें सुख नसतें. इतक्या मरणांच्या मोबदल्यांत नवें, अधिक चांगलें जग येणार आहे, असा जो विश्वास पात्रें एकमेकांस देत असतात, तो राहतो. १९२१ सालीं लेखिका व वाचक दोघांसही त्या विश्वासाची गरज होती. त्याशिवाय वॉल्टरच्या आईनें दुसऱ्या दिवशीं उठून चूल कशी पेटवावी?

येथें माला संपली, असें लेखिकेनें ठरविलें होतें. पण वाचक हा सावकार सहजासहजीं पावती देत नाहीं. १९३६ व १९३९ सालीं तिनें मालेंत मध्यें रिकाम्या राहिलेल्या वर्षांवर आणखी दोन पुस्तकें लिहिलीं. आणि त्यांतील दुसरें निघालें त्याच वर्षीं दुसरें महायुद्ध सुरू झालें. पहिल्या युद्धांत तिचे मुलगे तान्हे होते. आतां ते लढाईच्या वयाचे होते. ज्या भावी पिढ्यांसाठीं वॉल्टर मेला, त्या पिढ्या आतां स्वतः गणवेष चढवीत होत्या. पतीचा आजार, स्वतःची ढासळती प्रकृति आणि हें नवें युद्ध, अशा स्थितींत टोरोंटो येथें तिनें एक शेवटचें हस्तलिखित तयार केलें. तें प्रकाशकाकडे पोंचलें तो दिवस २४ एप्रिल १९४२. आणि त्याच दिवशीं ती मरण पावली. तो मृत्यु स्वेच्छेचा होता असें कुटुंबांत मानलें जाई, हें तिच्या नातीनें २००८ सालीं जाहीर केलें. चरित्रकारांचें त्याविषयीं एकमत नाहीं.

या हस्तलिखिताचें दैवही पाहण्याजोगें आहे. १९७४ सालीं त्यांतील कथा तेवढ्या निराळ्या नांवानें छापण्यांत आल्या. कवितांचा व कुटुंबांतील संभाषणांचा जो सांधा त्यांत होता तो काढून टाकला गेला. कथा इतर शेजाऱ्यांच्या असल्यामुळें, पुस्तक निरुपद्रवी वाटलें. पुढें २००९ सालीं बेंजामिन लफेव्हर यांनीं संपादन करून तें ‘द ब्लाइथ्स आर कोटेड’ या मूळ नांवानें संपूर्ण प्रसिद्ध केलें. १५ कथा, त्यांच्या मधून मधून अ‍ॅन व वॉल्टर यांच्या नांवावरील ४१ कविता, आणि प्रत्येक कवितेनंतर संध्याकाळीं घरांत होणारें बोलणें, अशी त्याची रचना आहे. पहिला भाग युद्धापूर्वींचा, दुसरा त्यानंतरचा. आरंभींच ती ‘बांसरीवाला’ कविता दिली आहे. ‘रिला’मध्यें तिची कीर्ति मात्र सांगितली होती, कविता दिली नव्हती, वीस वर्षें वाचक ती मागत होते, आणि लेखिकेनें ती आयुष्याच्या अखेरीस लिहिली.

आणि शेवटीं? शेवटीं वॉल्टरचीच दुसरी एक कविता आहे. तींत रणांगणावरून आलेला सैनिक, आपण आपल्या हातानें मारलेल्या एका कोंवळ्या शत्रूची आठवण विसरूं शकत नाहीं. ती वाचून झाल्यावर म्हातारी अ‍ॅन जेमला म्हणते, कीं वॉल्टर परत आला नाहीं याबद्दल आतां आपणांस समाधान वाटतें. या आठवणी घेऊन त्याला जगतां आलें नसतें, आणि ज्यासाठीं ते बळी दिले गेले तें या नव्या संहारांत कसें व्यर्थ ठरलें हें त्याला पाहावें लागलें नाहीं. तांबड्या केसांची, बडबडी, प्रत्येक झाडास नांव ठेवणारी ती मुलगी चौतीस वर्षांनंतर आपल्या मेलेल्या मुलाविषयीं हें बोलते, आणि माला संपते. लग्न नाहीं, पुनर्मिलन नाहीं, चांदणें नाहीं.

तेव्हां कोणता शेवट खरा मानावा? एक पक्ष म्हणेल, कीं १९२१ चें पुस्तक लेखिकेनें स्वतः छापून दिलें, तें सुघटित आहे. १९४२ चें हस्तलिखित तुटक असून एका खचलेल्या बाईचें आहे, त्यास मालेचा शेवट मानणें अन्याय होय. दुसरा पक्ष म्हणेल, कीं मागाहून आलेलें मतच परिपक्व. पहिलें केवळ युद्धज्वराचें बोलणें. आम्हांस दोन्ही पक्ष घाई करतात असें वाटतें. आजारी व दुःखी माणसाचें म्हणणें तो दुःखी आहे म्हणूनच खोटें ठरत नाहीं. आणि शोकांतून उठण्यासाठीं मनुष्यानें धरलेली आशा मागाहून फसली म्हणून ती ढोंग ठरत नाहीं. १९२१ सालीं वॉल्टरच्या मरणास अर्थ देणें हें आईचें काम होतें. १९४२ सालीं तो अर्थ परत मागून घेणें हेंही आईचेंच काम होतें. पहिल्यास श्रद्धा लागली. दुसऱ्यास धैर्य लागलें, आणि आमच्या मतें तें अधिक होतें, कारण स्वतःच्याच पुस्तकाच्या विरुद्ध साक्ष द्यावी लागली.

तरुण मुलींच्या कथामाला हलक्या समजण्याची आपल्याकडे, आणि इतरत्रही, रीत आहे. त्यांत इतिहास शोधावयास कोणी जात नाहीं. पण बखरी लिहिणारा आपल्या लिहिण्यावर वीस वर्षांनीं परत येऊन, आपण त्या वेळीं जें समजलों तें चुकलें, असें क्वचितच सांगतो. या प्रणयकथालेखिकेनें तें सांगितलें. म्हणून ज्या मुलीनें पहिलें पुस्तक वाचून मैत्रिणीस दिलें, तिनें शेवटचींही दोन्ही वाचावीं, आणि क्रमानें वाचावीं. रिलाच्या होकारानें तिला आनंद व्हावा. तो तिचा हक्क आहे. मात्र त्यानंतर पुस्तक एकदम मिटूं नये. घरांत आणखी एक म्हातारी बाई जागी आहे, आणि तिला अजून थोडें बोलावयाचें आहे.